आधी मी, मग तू

शकू,

तुझा आवाज सिनेमातून काढून टाकावा लागणार, असं दिग्दर्शिका रेवती मॅडमनी मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी भंडाऱ्याजवळ शहापूरला तुझ्याच घरी, तुझ्याच ओट्यापाशी चहा गाळत होते. तुला जाऊन महिनाही झाला नव्हता. घरात पाहुणे बसलेले, चहा कुणीतरी करायलाच हवा होता, आणि साखरेचा डबा कुठे असतो हे तुझ्या नवऱ्याला, प्रकाशभाऊंना, ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. फोन खांद्याशी धरून मी विचारलं, "काढून टाकायचा म्हणजे काय?" मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याखाली तुमचा आवाज आहे, कुंदाताई. खूप प्रयत्न केला आम्ही. एक काढायला गेलं की दुसराही जातो."

गाळणी हातात धरून मी तशीच उभी राहिले. बाहेरून प्रकाशभाऊंनी विचारलं, "ताई, झाला का चहा?" मी हो म्हटलं, कप बाहेर नेऊन दिले. त्या दिवशी त्यांना काही सांगितलं नाही.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. 'झाडीपट्टी रंगभूमीवरील ज्येष्ठ अभिनेत्री' असं लिहिलं होतं आणि तुझं माहेर चुकवलं होतं. ज्येष्ठ म्हटल्याबद्दल तू त्या माणसाला शोधून काढून त्याची खरडपट्टी काढली असतीस. मला तसलं काही लिहायचं नाही. तू किती गुणी होतीस, किती नाटकं केलीस, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी लिहायला बसले ती आपलं भांडण अर्धं राहिलं म्हणून. असं मध्येच उठून जायची तुझी रीत नव्हती. भांडण सुरू केलंस की संपवूनच उठायचीस, आणि संपवायचीसही तूच.

मॅडमना आपलं काम समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली होती, आठवतं? त्या पुण्याच्या. नट म्हणजे संवाद पाठ करून येणारा माणूस, अशी त्यांची समजूत. मी सांगितलं, आमच्या भंडारा-गोंदियाकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. आज एका गावाला एक नाटक, उद्या दुसऱ्या गावाला दुसरंच. होळीपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही, पाठांतर कोण करतो? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर उभा. तो हळू आवाजात वाक्य सांगतो, नट ते उचलतो आणि पार मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचवतो. मॅडमनी विचारलं, "मग ते प्रेक्षकांना ऐकू येत नाही?" येतं की. पुढच्या रांगेला सगळं ऐकू येतं. पण जेवताना जसा पंख्याचा आवाज कुणी ऐकत नाही, तसं लोक त्याच्याकडे कान देत नाहीत. आपल्याकडे लहान पोराला पण कळतं की हा आवाज नाटकातला नाही.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या सुमारास आपण दोघी एका नाटक कंपनीत आलो. माइकवाला तेव्हा आमगाव-देवरीकडची गावं अजून भंडारा जिल्ह्यातच घालायचा आणि लोक खालून ओरडून त्याला दुरुस्त करायचे. मी भंडाऱ्यातल्या विणकराच्या घरची, बारावी झालेली, भराभर वाचणारी. बाई प्रॉम्प्टर म्हणताच मालकानं तोंड वाकडं केलं. बाईचा आवाज विंगेतून पोचत नाही, म्हणाला. आधीचा प्रॉम्प्टर म्हातारा, सदा तंबाखूचा खर्रा चघळणारा. तू तोंडाला रंग लावत बसली होतीस. मागे वळलीसुद्धा नाहीस, आरशातूनच म्हणालीस, "मालक, तुमच्या बुढ्याचा आवाज पोचते, पण त्याच्या तोंडातला खर्रा बी पोचते. हे पोट्टीच राहू द्या." माझी नोकरी त्या एका वाक्यावर लागली. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. तुझ्यासमोर आभार मानायची सोयच नव्हती, तू लगेच माझी नक्कल करायचीस.

तुझी एक सवय मला पहिल्याच प्रयोगात कळली. बाकीचे नट वाक्य अर्ध्यातून हिसकायचे आणि उरलेलं मनाचं ठोकून द्यायचे. तू नाही. मी पूर्ण सांगेपर्यंत तू थांबायचीस. मग एक श्वास घ्यायचीस. मग बोलायचीस. शकुंतलाबाई बोलायच्या आधी थांबते तेव्हा हातातले शेंगदाणे हातातच राहतात, असं लोक म्हणायचे. त्या थांबण्यावर तुझं नाव झालं. तू माझी वाट पाहत असायचीस, हे आपल्या दोघींनाच माहीत होतं. "तू पयले बोल, मंग मी," असा आपला करार होता.

'माझी सई परत द्या' हे नाटकाचं नाव मालकानं ठेवलेलं. आपल्याकडे नावातच रडू आलं पाहिजे. गोष्ट मात्र साधी होती. रुखमा आणि सयत्रा शेजारणी, धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, बरोबर रोवणं करणाऱ्या. सयत्रा बाळंतपणात जाते. बाईच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि सयत्राला माहेरचं कुणीच उरलेलं नसतं. सासरचे म्हणतात, असू दे, असंच न्या. मग रुखमा आपल्या लग्नातलं लुगडं घेऊन येते. दारातच तिला अडवतात. तू कोण लागतेस? रुखमा म्हणते, नवऱ्याला रडायला जागा आहे, भावाला आहे, मैत्रिणीनं कुठे बसून रडायचं ते सांगा, मी तिथे बसते. पण लुगडं माझं नेसवा. मीच हिचं माहेर.

रुखमा तू. ते वाक्य मी तुला किती वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी सांगून झालं की मी पानावरून मान वर करायची. कारण पुढे बायका रडायच्या आणि मला ते पाहायचं असायचं. लाखनीकडच्या एका गावात प्रयोग झाल्यावर एक म्हातारी आत आली आणि तुझा हात धरून बसली. तू रंग पुसत होतीस, तो अर्धा तसाच राहिला. ती म्हणाली, "माही बी होती एक." तेवढंच बोलली. तू तिला आपल्या ताटात जेवायला बसवलंस आणि जाताना रस्त्यापर्यंत सोडून आलीस. परत आलीस तेव्हा मी विचारलं, काय झालं गं तिच्या मैत्रिणीचं? तू म्हणालीस, "इचारलं नाही. नाव इचारलं फक्त." ते नाव तू मलाही सांगितलं नाहीस.

मॅडमना हे नाटक असंच कुठेतरी मंडपात मागे उभ्यानं पाहायला मिळालं आणि त्यांनी सिनेमा करायचं घेतलं. नाव बदललं, शेवटचं गाणं काढलं, नाच काढला. त्याचं आपल्याला काही नव्हतं. पण त्यांनी भाषा बदलली, आणि सगळा घोळ तिथून झाला. नाटकात आपण पुस्तकातली मराठी बोलायचो. स्टेजवर चढलं की 'मला', 'तुला', 'कशासाठी'. पुण्याहून आलेल्या बाईला आपली भाषा हवी होती. 'मले', 'तुले', 'कायले'. मला हसू आवरेना. तू मात्र घाबरलीस. कित्येक वर्षं रुखमा तुझ्या तोंडात एका भाषेत बसली होती, ती आता दुसऱ्या भाषेत बोलायची होती. "घरी बोलतो थेच बोलाचं म्हणते थे बाई," तू मला म्हणालीस, "अन् मले घरचंच बोलता येऊन नाही राहिलं."

कारध्याला नदीकाठच्या त्या घरात शूटिंग होतं. पहिल्या दिवशी कॅमेरा सुरू झाला आणि तू थांबलीस. नुसती थांबलीस. सगळे तुझ्याकडे पाहताहेत आणि तू विंगेकडे पाहतेस, म्हणजे जिथे विंग असायला हवी होती तिथे, भिंतीकडे. मॅडमनी तीनचारदा करून पाहिलं. शेवटी तूच म्हणालीस, "कुंदीले बलावा." मी तेव्हा घरी होते. मला आणलं आणि खाटेखाली झोपवलं. दुसऱ्या दिवशी भाताच्या तणशीच्या ढिगामागे. तिथे एक कोंबडी अंड्यावर बसली होती आणि माझ्यावर सारखी डाफरत होती. कागदावर नाटकातली मराठी, आणि मी ती तोंडातल्या तोंडात आपल्या भाषेत फिरवून तुला सांगायची. मी सांगितलं की तू थांबायचीस, एक श्वास, मग बोलायचीस. साउंडवाला कानावरचं यंत्र काढून ओरडायचा, "मॅडम, पीछे कोई बोल रहा है!" मॅडमचे डोळे भरलेले. त्या म्हणायच्या, "बोलू दे. तिचा पॉझ बघ तू, पॉझ! आवाजाचं डबिंगमध्ये बघू." आपण एकमेकींकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्या पॉझमध्ये हसण्याचाही आवाज आला असता.

आता तो भाग, ज्यासाठी मी हे लिहिते आहे.

शूटिंगचा शेवटचा दिवस. सगळे सामान आवरत होते. आपण नदीच्या बाजूला पायरीवर बसून डब्यातला भात खात होतो. तू म्हणालीस, "कुंदे, डबिंगले तू येऊ नको. मी एकटीच करतो."

मला वाटलं गंमत करतेस. मी म्हटलं, "काऊन? माहा आवाज आता खुपून राहिला का तुले?"

"तसं नाही व. पण आता मले सोड. सिनेमा आहे हा. मोठमोठे लोकं पाहतीन. थे साउंडवाला दिवसभर हासून राहिला होता माह्यावर. म्हणे इले एक वाक्य बी पाठ नाही."

"म्हणू दे न. त्याच्या बापाचं काय गेलं?"

"माहं गेलं," तू म्हणालीस. "तुले नाही समजत. तू तं आत राहतं. लोकायच्या समोर मी राहतो."

ते मला लागलं. तू आत राहतेस. एवढ्या वर्षांत हे तुझ्या तोंडून पहिल्यांदा आलं होतं आणि हे वाक्य मी तुला सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, "कर मंग एकटी. पाहतो कशी करतं तं." डबा बंद केला आणि उठले. तू हाक मारली नाहीस. एरवी असं झालं की संध्याकाळपर्यंत तुझा फोन यायचा, आणि काही घडलंच नाही अशा थाटात तू भाजीचं विचारायचीस. या वेळी तुझा आला नाही. माझाही गेला नाही. मी चुकले असं मी आजही म्हणत नाही. इतकी वर्षं बरोबर असलेल्या माणसाला असं सांगतात का?

मग तुला ताप आला. प्रकाशभाऊंनी सांगितलं तेव्हा तू नागपूरला दवाखान्यात होतीस आणि ताप मेंदूत गेला होता. मी आले. तुझे डोळे उघडे होते, पण तू कुणाकडे पाहत नव्हतीस. नर्स म्हणाली, बोला, कधी कधी त्यांना ऐकू येतं. मी तुझ्या कानाशी वाकले. आयुष्य तुझ्या कानात बोलण्यात गेलं, आणि तिथे मला एक शब्द सुचला नाही. शेवटी "शकू, मी कुंदा" एवढंच म्हटलं, आणि सवयीनं थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

शहापूरला तुझ्या घरासमोर मांडव घातला होता. भन्तेजी आले होते, त्रिशरण-पंचशील चाललं होतं, सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी भावाच्या मागावरची हिरवी साडी पिशवीत घालून नेली होती. कशाला नेली ते मला विचारू नकोस. घरून निघताना हात आपोआप कपाटाकडे गेला. तुझ्या नात्यातल्या एका मावशींनी विचारलं, "तुमी कोण लागता?" मी म्हटलं, मैत्रीण. "कंपनीतल्या का? बसा तिकडे," त्या म्हणाल्या आणि खुर्च्यांकडे हात केला. त्यांचं काही चुकलं नाही, त्या चांगल्या बाई आहेत, नंतर मला पाणी आणून दिलं त्यांनीच. मी खुर्चीवर बसले. रुखमाचं ते अख्खं भाषण मला शब्दन् शब्द पाठ आहे, शकू. तुझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. पण उठून बोलायचं कसं ते मला येत नाही, ते काम तुझं होतं. तुला पांढरी साडी नेसवली होती आणि ती तुला शोभत होती. मी पिशवी मांडीवर धरून बसून राहिले. सगळं झाल्यावर ती घरी परत आणली.

मॅडमचा फोन आला त्यानंतर काही दिवसांनी, पाहुणे गेल्यावर, मी प्रकाशभाऊंना त्याचं सांगितलं. ते वरठीच्या कारखान्यातून पाळी संपवून नुकते आले होते, हेल्मेट हातातच होतं. म्हणाले, "पण ताई, थे तं पाठ करून राहिली होती."

"काय पाठ?"

"सगळंच. तांदूळ निवडतानी बोले, कपडे धुतानी बोले. मी म्हणो, कोणासंग बोलून राहिली व? म्हणे, कुंदीले दाखवाचं आहे मले. एक बी शब्द न सांगता करून दाखवतो म्हणे. रातच्या पाळीहून आलो का मले समोर बसवे, अन् कागद माह्या हातात दे. कुठंच अडत नव्हती."

"तुम्ही मोबाइलमध्ये घेतलं का काही?"

त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं. "नाही ना. कोणाले मालूम होतं."

म्हणजे तू केलंस. एकटीनं, माझ्यावाचून, आपल्या भाषेत, कुठेही न अडता. तुझ्या स्वयंपाकघराच्या भिंतींनी ते ऐकलं, पाळीहून थकून आलेल्या एका माणसानं ऐकलं, आणि ते संपलं. मला दाखवायचं होतं म्हणे. मग फोन का केला नाहीस, बाई? मी आले असते. तोंडाला कुलूप लावून बसले असते. रागातही आले असते.

मॅडमनी दोन मार्ग सांगितले. एक तर पुण्याची कुणीतरी नटी तुझ्या जागी आवाज देईल, मी बाजूला बसून तिला आपली भाषा सांगायची. किंवा मीच आवाज द्यायचा. "शकुंतलाबाईंचा श्वास न् श्वास तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याइतकं जवळचं कोण आहे?" तुझ्या मागे मला हे पहिल्यांदा कुणी म्हटलं. मी हो म्हटलं.

नागपूरला जाणाऱ्या बसमध्ये मी भंडाऱ्याला चढले, शहापूरला प्रकाशभाऊ चढले. त्यांनी रजा टाकली होती. स्टुडिओ म्हणजे एक काळोखी खोली, समोर पडदा. कानाला यंत्र लावून मला उभं केलं. पडद्यावर तू आलीस, जिवंत, केसात तणशीच्या काड्या. तुझे ओठ हलतील तेव्हा मी बोलायचं, एवढंच काम.

मला ते जमलं नाही. तुझे ओठ हलायच्या आधीच माझं वाक्य संपलेलं असायचं. साउंडवाला नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आप पहले बोल रही हैं. उनके साथ बोलिए." मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तो मला काचेतून हातानं खूण करू लागला, आता नाही, आता नाही, आता. तरी मी पुढेच. तुझ्याबरोबर बोलायचं मला माहीतच नाही, शकू. तुझ्यानंतर तर नाहीच नाही. मी बोलायची आणि पडद्यावर तू थांबायचीस, एक श्वास घ्यायचीस आणि ओठ हलवायचीस, आणि त्यातून काही ऐकू यायचं नाही. असं किती वेळ चाललं असेल कोण जाणे. शेवटी मी यंत्र काढून ठेवलं आणि खाली बसले. मी तिथे ढसाढसा रडले. तुझ्या मांडवात रडले नव्हते, ते सगळं तिथे रडले.

मॅडम पाणी घेऊन आल्या. मी म्हटलं, मला एकदा मुळातलं दाखवा, जसं झालं होतं तसं.

त्यांनी लावलं. दारातला प्रसंग. आधी माझी कुजबूज आली, मग तू. पण मी ऐकत नव्हते, पाहत होते. आजवर मी तुला विंगेतून पाहिलं, म्हणजे एका बाजूनं. एक कान, एक गाल, नाकातली चमकी. खाटेखालून तर नुसते पाय. तू थांबतेस तेव्हा समोरून कशी दिसतेस हे सगळ्या मंडयांतल्या लोकांना माहीत होतं, मलाच माहीत नव्हतं. पडदाभर तुझा चेहरा होता, आणि तू ऐकत होतीस. मॅडम ज्याला पॉझ म्हणतात तो चेहरा ऐकणाऱ्या बाईचा होता. लहान मूल गोष्ट ऐकताना पाहतं तशी तू माझ्या आवाजाकडे पाहत होतीस. माझं इतकं कुणी ऐकलं नाही गं कधी.

मागून प्रकाशभाऊंचा आवाज आला. "हे पयले बोलून राहिले थे तुमी का, ताई?"

"हो."

"असंच राहू द्या मंग. दोघींचा राहू द्या."

मी त्यांना सांगितलं. तू पायरीवर काय म्हणालीस ते सगळं सांगितलं. लोक हसतील म्हणून तुला भीती होती, तुला माझ्याशिवाय उभं राहायचं होतं, आणि हे असं ठेवलं तर कायमचं दिसेल की शकुंतलाबाईला कुणीतरी मागून सांगत होतं. पाठ करून दाखवलंस ते कुणालाच कळणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "हासणारे हासतीन. थे आता कुठं आयकाले आहे?" आणि थोड्या वेळानं, "मले तिचा आवाज पाहिजे, ताई. दुसरं मले काही समजत नाही."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मालकाकडे, मॅडमकडे, तुझ्याकडे पाहायची मला सवय. माझ्याकडे कधी कुणी निर्णयासाठी पाहिलं नव्हतं. मी आवाज दिला तर तुझ्या तोंडात कायमची मीच. दुसरीनं दिला तर तू कुठेच नाहीस. आणि हे असं ठेवलं तर तू आहेस, पण तुला नको होतं तशी. मी मॅडमना म्हटलं, राहू द्या दोन्ही आवाज. त्या म्हणाल्या, लोकांना वाटेल मशीन खराब आहे. मी म्हटलं, वाटू द्या. त्या पडद्याकडे पाहत बसल्या आणि मग म्हणाल्या, खरं तर यात एक वेगळाच अर्थ आहे, जणू आतला आवाज आधी बोलतो आहे. त्यांना पुन्हा काहीतरी खोल सापडलं. सापडू दे. त्या निमित्तानं तुझा आवाज वाचला.

पुढच्या महिन्यात सिनेमा लागेल म्हणतात. साउंडवाल्याला काय वाटायचं ते वाटो. पण तुला हे मान्य झालं नसतं, हे मला पक्कं माहीत आहे. कंबरेवर हात ठेवून तू विचारलं असतंस, मी सोड म्हटलं होतं न तुले? म्हटलं होतंस. ऐकलं मी. आणि नाही सोडलं. तुझ्यासाठी केलं म्हणावं तर खोटं होईल. तुझ्या नवऱ्यासाठी केलं, थोडं. बाकीचं माझ्यासाठी. त्या चेहऱ्यासाठी. तो माझं ऐकत होता, आणि माझा आवाज पुसला असता तर तू कुणाची वाट पाहतेस ते कुणाला कळलं नसतं.

तुला ओरडायचं असेल, शकू. मला ठाऊक आहे. आपल्यात पहिला शब्द नेहमी माझा असायचा आणि शेवटचा तुझा. आता शेवटचाही माझ्याकडे आला आहे. मला तो नको आहे.